जावेच्या खाचरात क्रेन

आमच्या दोघींचं कधी जमलं नाही. मी थोरली जाऊ, ती धाकटी. एका घरात नांदलो, पण एका चुलीवर फार काळ टिकलो नाही. तिनं चूल वेगळी मांडली तेव्हा मला हलकं वाटलं होतं आणि तिलाही वाटलं असणार. हे आधीच सांगून ठेवते. पुढं मी तिचं कौतुक करणार आहे, ते माया दाटून आली म्हणून नाही. जे समोर घडलं ते लपवून ठेवणं मला जमत नाही, एवढंच.

आमची वाडी विंझरच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्यापासून आत, ओढ्याच्या पलीकडं आहे. ओढ्यावर जुना साकव होता. एका पावसाळ्यात वरून झाड वाहत आलं, साकवाला आडवं अडकलं आणि पाण्यानं दोन्ही ओढून नेलं. त्यानंतर पावसात बाहेर पडायचं म्हणजे डोंगराच्या अंगानं लांबचा वळसा. बाळंतिणीला डालग्यात घालून त्या वळशानं नेलेलं मी पाहिलं आहे. शेवटी नवा पूल मंजूर झाला, आणि या वेळी टेम्पो जाईल एवढा रुंद. दोन्ही काठांवर काँक्रीटचे खांब उभे राहिले. त्यांच्यावर ठेवायचे लोखंडी गर्डर कारखान्यातून तयार होऊन यायचे होते. एकेक गर्डर आमच्या देवळापेक्षा लांब. ते काही माणसांनी खांद्यावर घ्यायचं काम नव्हतं, म्हणून क्रेन भाड्यानं आणायचं ठरलं.

क्रेन उभी कुठं करायची? रस्त्याच्या बाजूला, जिथून गाड्या येणार, तिथं एका अंगाला खडक आणि वरून विजेच्या तारा. दुसऱ्या अंगाला ओढ्याला लागून एकच सपाट तुकडा. ते माझ्या जावेचं भातखाचर.

तिच्याकडं दुसरी जमीन नाही असं नाही, पण ती सगळी उताराची. नाचणी आली तर आली, नाहीतर वाऱ्यानं नेली. भात पिकायचं ते ह्या एकाच खाचरात. तिचा नवरा, माझा धाकटा दीर, वारून बरीच वर्षं झाली. तिचा मुलगा पुण्यात टेम्पो चालवतो, एका खोलीत बायकामुलांसह राहतो. तो दरसाल तिला न्यायला येतो आणि दरसाल तिचं एकच उत्तर असतं, "माझ्या ताटातलं भात मी पिकवतीया, तवर मी कुणाच्या दारात यायची न्हाई." मुलगाही तिच्याच पोटचा. त्यानं सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, "ज्या साली खायापुरतं भात न्हाई झालं, त्या साली टेम्पो घिऊन येणार आन तुझी भांडी भरणार. मग तुझं काय ऐकायचो न्हाई." तिनं ते कबूल केलं होतं. ती कबूल केलेलं मोडत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून त्या खाचराचं काय होतं, यावर तिचं वाडीत राहणं ठरणार होतं.

पुलाच्या कामावर इंजिनीयर म्हणून एक तरुण बाई होती. डोक्यावर पिवळी टोपी, पायात पुरुषांचे असतात तसले जड बूट, स्वतःची मोटारसायकल. बाप्ये तिला तोंडावर म्याडम म्हणायचे आणि ती वळली की एकमेकांना कोपरानं ढोसायचे. ती एकदा देवळापुढं उभी राहून म्हणाली, "क्रेनला जागा सपाट लागते आणि टणक लागते. ती चाकांवर काम करत नाही, बाजूला पाय काढून उभी राहते. पाय खचला की सगळं आडवं होतं. जागा कोण देणार?"

जाऊ म्हणाली, "घ्या माझं खाचर."

विचारलं नाही की किती दिवस, बदल्यात काय. बस, घ्या म्हणाली. म्याडमला भोरकडच्या दुसऱ्या कामावर जायचं होतं. जागा साफ करून सपाट करून ठेवा, मी येऊन बघते, असं सांगून ती गेली.

ती गेल्यावर आमच्या भावकीतले एक दीर पुढं झाले. वाडीत कुठलंही काम निघालं की हे पुढं. बोलायला जहाल, पण कामाला वाघ. ते जावेला म्हणाले, "वैनी, तुझ्या खाचरात कुदळ लावायची न्हाई. खाचर खणलं की मेलं. आमी वरच्या वर अशी जागा करतो की क्रेनला गादीवर बसल्यागत वाटंल."

जाऊ खूश झाली. मलाही ते पटलं. कोणाला नाही पटणार? आमच्यात खाचराची माती म्हणजे पिढ्यांनी साठवलेली चीज. तिच्या सासऱ्यानं, म्हणजे माझ्याही, ओढ्याचा गाळ डोक्यावरून वाहून तो तुकडा केला होता.

मग वाडीनं जागा तयार केली. सपाट, टणक, साफ जागा म्हटल्यावर भात पिकवणाऱ्या माणसाच्या डोळ्यापुढं एकच गोष्ट येते, ती म्हणजे खळं. आम्ही खळंच केलं. ढेकळं फोडली. ओढ्यात डोह उरला होता, तिथून बायकांनी उन्हात हंडे वाहिले आणि सगळं खाचर भिजवलं. माती मुरल्यावर चोपण्यांनी चोपलं. रांगेत बसून, पुढं सरकत, एका लयीत. चोपणं पडतं तसा आवाज बदलत जातो. आधी भद, मग थप, मग टण. टण वाजायला लागलं तसे दीर म्हणाले, "बघा, आता बोलायला लागलं." मग शेणानं सारवलं. कोपऱ्यावर कुणीतरी रांगोळीची पावलं काढली. मी जन्मात इतकं मोठं आणि इतकं गुळगुळीत खळं पाहिलं नव्हतं, आणि करण्यात माझेही हात होते. काम वाईट नव्हतंच. ज्याच्यासाठी केलं ते चुकलं होतं.

म्याडम आली. क्रेन दुसऱ्याच दिवशी यायची होती. ती मोटारसायकल लावून थेट खळ्याकडं निघाली तशी जाऊ ओरडली, "म्याडम, बूट."

खळ्यावर पायताण घालून जात नाहीत, हे तिला माहीत असेल नसेल. पण तिनं काही विचारलं नाही. बूट काढले, मोजे काढले, अनवाणी मधोमध गेली आणि पायांनी सारवण चाचपलं. आम्ही सगळे बांधावर उभे, जसं काही मुलीला बघायला पाहुणे आलेत.

"पहार आहे का?" तिनं विचारलं.

दिरांनी पहार दिली. तिनं ती उभी धरली आणि एकदा जोर लावला. पहार सारवणातून आत गेली ती थांबेना. वर काढली तेव्हा निम्म्याच्या वर ओल्या चिखलानं माखलेली.

"पाणी घातलं होतं?"

"घातलं की. चांगलं मनसोक्त," दीर म्हणाले. "कोरडं चोपलं तर धूळ हुतीया."

कोणी हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "सारवण फार छान केलंय. पण हे घाईत भाजलेल्या भाकरीसारखं झालंय. वर पापुद्रा धरलाय, आत पीठ कच्चं. क्रेनचा एक पाय यात बसला तर गर्डर ओढ्यात जाईल. आणि त्याच्याखाली जो असेल तोही."

"मग आता?" दीर म्हणाले.

"वरची सगळी माती काढायची. खाली घट्ट लागेपर्यंत. मग दगड, मुरूम आणि रोलर."

जावेचा चेहरा मी पाहिला. ती म्हणाली, "म्हंजी खाचर गेलं."

म्याडम तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. अनवाणीच होती अजून. "आजी, तुम्ही नाही म्हणू शकता. जमीन तुमची आहे. मग मी क्रेन फिरवते, काम पावसाळ्यानंतर बघू."

पावसाळ्यानंतर म्हणजे अजून एक पावसाळा डोंगराच्या वळशानं. वाडीतल्या सगळ्यांचे डोळे तिच्यावर. असे डोळे मला आवडत नाहीत. माणसाला नाही म्हणायला जागाच ठेवत नाहीत ते. म्हणून मी बोलले, "न्हाई म्हण. हितं ज्यांना पूल पायजे त्यांच्यातला एक बी तुला वर्षभर भात घालणार न्हाई."

"तू गप ऱ्हा आक्का. जमीन माझी हाय," ती म्हणाली. मग म्याडमला, "काढलेली माती परत घातली तर भात यील का?"

"मला माहीत नाही. मी पूल बांधते, भात नाही. माती परत घालून देईन, एवढं मात्र सांगते."

जाऊ थोडा वेळ बांधावर बसली. मग उठली, दिरांच्या हातातला टिकाव घेतला, खळ्याच्या मधोमध गेली आणि त्या गुळगुळीत सारवणावर पहिला घाव घातला.

नंतर मी तिला विचारलं, कशाच्या भरवशावर हो म्हणालीस? ती म्हणाली, "यील म्हणाली असती तर मी न्हाई म्हणले असते. जी बाई म्हाईत न्हाई म्हणती, ती दिल्या शब्दाला जागती." मला अजूनही हे पूर्ण पटत नाही. माहीत नाही म्हणून हात झटकणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. पण त्या दिवशी तिचा अंदाज बरोबर ठरला, हे खरं.

म्याडमनं फोनवर क्रेन पुढं ढकलली. भाड्याच्या क्रेनचं असं असतं की ती एका जागी बसून राहत नाही; तिकडं दुसरा कोणी वाट बघतच असतो. मालक फोनवर इतका ओरडत होता की बांधावर आम्हाला ऐकू येत होतं. तिनं आवाज चढवला नाही. जागा तयार नाही, तयार नसलेल्या जागेवर मी तुमची क्रेन उभी करणार नाही, पडली तर तुमचीच पडेल, हेच ती निरनिराळ्या तऱ्हेनं सांगत राहिली. शेवटी तो पुढची तारीख द्यायला तयार झाला. दीर मला हळूच म्हणाले, "वैनी, ही पोरगी म्हशी विकायला बसली तर बाजार उठवंल." त्या दिवसापासून त्यांचं कोपरानं ढोसणं बंद झालं.

माती काढायची जबाबदारी जावेनं स्वतःकडं घेतली. घेतली म्हणजे तिनं कोणाला विचारलंच नाही. वरची काळी, मऊ, चिखलाची माती एका ढिगात आणि खालची पिवळट माती दुसऱ्या ढिगात. घमेली हातोहात पुढं जात होती. कोणी चुकून काळीवर पिवळी टाकली की ती फावडं घेऊन स्वतः वेगळी करायची. दीर म्हणाले, "मातीच हाय ना वैनी, सोनं न्हाई." ती म्हणाली, "तुमच्या ताटात आमटी-भात एकत्र कालवून दिला तर चालंल, पर दूध आन आमटी कालवून द्यू का?" त्यावर ते दिवसभर निमूट वेगळी टाकत राहिले. ढिगांवर तिनं पेंढा पसरला आणि वरून ताडपत्री दगडांनी दाबली. म्हातारीला थंडीत पांघरूण घालावं तसं सगळीकडून खोचलं.

खाली घट्ट थर लागला. म्याडमनं पहार घेतली, या वेळी ती उडून परत आली. मग तिनं रस्त्याच्या कामावरून काळं जाड कापड आणलं आणि ते खड्डाभर अंथरलं. दगड आणि तळाची माती एकमेकांत जाऊ नयेत म्हणून. रस्त्याला हे कापड तसंच गाडून टाकतात म्हणे, पण तिनं कडा बाहेर ठेवायला लावल्या, म्हणजे नंतर दगड उचलून ते ओढून काढता येईल. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. जावेनं ते पाहिलं आणि दुपारी तिच्यासाठी ताकाचा तांब्या घेऊन आली. जाऊ कोणाला सहजी ताक देत नाही.

दगड आले, मुरूम आला, रोलर फिरला. सपाट दिसायला लागल्यावर आम्हाला वाटलं, झालं. तिला नाही वाटलं. तिनं मुरुमानं भरलेला टिपर त्या जागेवर पुढं-मागं फिरवायला लावला आणि स्वतः चाकाच्या शेजारी वाकून चालत राहिली, चाक कुठं रुततंय ते बघत. एका कोपऱ्यात थोडं रुतलं. तो कोपरा उकरून पुन्हा भरला. टिपरवाला वैतागला, "म्याडम, एवढं कुनी करत न्हाई." ती म्हणाली, "म्हणूनच क्रेना पडतात." वायरमनला बोलावून तारांची लाईन बंद करण्याची वेळ ठरवली. क्रेनचा हात जिथवर फिरेल तिथवर चुन्याची रेघ मारली आणि वाडीला सांगितलं, रेघेच्या आत काम चालू असताना कोणी दिसलं तर मी काम थांबवेन. तिनं खरंच थांबवलं असतं. एका म्हाताऱ्यानं नुसती काठी रेघेपलीकडं टेकवली तर तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं काठी छातीशी धरली.

क्रेन आली. हायवेकडून नसरापूरमार्गे, वळणावळणावर थांबत. ती चालवणारा माणूस मध्यम वयाचा, कमी बोलणारा, गालात तंबाखू. खाली उतरला तो आधी आमच्या जागेवरून एक चक्कर मारली. टाचेनं दोन-चार ठिकाणी ठोकलं. वाकून मुरूम बोटात घेऊन पाहिला.

"कोणी केली जागा?" त्यानं विचारलं.

"समद्यांनी," दीर म्हणाले. "आदी येकदा चुकली."

"चुकून परत करतात तीच बरी असते," असं म्हणून तो गाडीत चढला.

क्रेननं चार पाय बाहेर काढले. प्रत्येक पायाखाली जाड लाकडी ओंडके आडवे-उभे रचले, त्यावर लोखंडी पत्रा, त्यावर पाय. चाकं जमिनीवरून उचलली गेली तेव्हा जमिनीतून कर्र असा आवाज आला. त्यानं गर्डर थोडासाच उचलला, हातभरही नाही, आणि तसाच धरून ठेवला. बराच वेळ. म्याडम चारही पायांपाशी जाऊन वाकून बघत होती. ओंडके जागचे हलले नाहीत. मग तिनं हात वर केला.

बाकीचं मला नीट सांगता येणार नाही, कारण तसं मी पूर्वी काही पाहिलेलं नव्हतं. काठोकाठ भरलेली परात न सांडता आतल्या खोलीत न्यावी तसा तो गर्डर ओढ्यावरून गेला. एवढं लोखंड, पण हबका नाही, आवाज नाही. म्याडम पलीकडच्या खांबावर उभी राहून बोटांनी सांगत होती, खाली, अजून, थांब, आणि हा माणूस लांबून तिची बोटं वाचत होता. दोघं दिवसभरात एक शब्दही एकमेकांशी बोलले नसतील. गर्डर खांबावर टेकला तेव्हा चहाची बशी टेबलावर ठेवावी एवढाच आवाज झाला. चांगलं काम बघितलं की मला बरं वाटतं. ते कोणाचंही असो. नांगराचा सरळ तास असो की हे. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

सगळी वाडी वर बघत होती. जाऊ खाली बघत होती. शेवटचा गर्डर बसेपर्यंत तिनं क्रेनच्या पायांवरून नजर काढली नाही. नारळ फुटला, पेढे वाटले, क्रेन गेली. पुढच्या काही दिवसांत वरचं काँक्रीटही पडलं. लोक पुलावरून उगाच इकडून तिकडं जाऊ लागले. खाचर मात्र तसंच, दगड-मुरुमानं भरलेलं, पायाला चटके देत पडलेलं.

गरज सरो वैद्य मरो, ही म्हण आमच्याकडं कोणाला शिकवावी लागत नाही. घरं शाकारायची होती, भाताच्या रोपाची जागा पालापाचोळा जाळून भाजायची होती, ज्याला त्याला आपलं. म्याडम भोरच्या कामावर अडकली होती. फोन लावला की येते म्हणायची. दुपारच्याला डोंगरावर ढग चढायला लागले. जाऊ रोज सकाळी घमेलं घेऊन जायची आणि कडेचे दगड उचलून बांधापलीकडं टाकायची. मी एकदा तिथून जाताना थांबले.

"तुझी म्याडम कुठं हाय?"

"यील."

"आन न्हाई आली तर?"

"तर हात हायती माझे. तुझ्याकडं मागाया येनार न्हाई."

"मी द्यायला बसले न्हाई."

एवढं बोलून मी निघाले. पण एवढा मुरूम तिच्या हातानं उचलायचा तर दोन उन्हाळे लागले असते, हे तिलाही दिसत होतं.

म्याडम आली, मोटारसायकलवर पुढं आणि मागून जेसीबी. उशीर झाला म्हणून माफी वगैरे मागितली नाही. उतरली आणि कामाला लागली. जेसीबीनं दगड-मुरूम उचलला आणि तोच पुलाच्या दोन्ही तोंडांना भराव म्हणून टाकला. काळं कापड कडांना धरून ओढलं. खालचा तळ बहुतेक जसा होता तसा निघाला. काही ठिकाणी कापड फाटलं होतं, तिथं खडे आत रुतले होते. जेसीबीला ते काढता येत नव्हते. म्याडम म्हणाली, "माती भरायला माझी माणसं उद्या येतील. पण हे खडे..."

"ते माझं काम," जाऊ म्हणाली. आणि तिनं वाडीला इर्जिक घातली.

इर्जिक म्हणजे काय ते आता तरुण पोरांना सांगावं लागतं. ज्याचं काम अडलं तो घरोघरी जाऊन बोलावतो, लोक येऊन काम करतात आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. उपकार कोणाचेच नाहीत. ती कोणापुढं दगड उचला म्हणून रडली असती तर निम्मे आले नसते. पण इर्जिकीला नाही म्हणणं म्हणजे उद्या आपल्या दारात कोणी येणार नाही. ती हे ओळखून होती. दारोदार जाऊन तिनं ताठ मानेनं सांगितलं, "उद्या माझ्यात इर्जिक हाय, जेवाया या." म्याडमलाही सांगितलं. माझ्या दारात आली तेव्हा म्हणाली, "तुझ्या गुडघ्यानं वाकवणार न्हाई. तू चुलीपाशी ये."

तिच्या चुलीपुढं मी इतक्या वर्षांनी बसले. आमटीत मीठ कमी होतं, तसं मी सांगितलं. तिनं वर न बघता मिठाचा डबा माझ्याकडं सरकवला.

वाडी आली. सगळी नाही, पण पुष्कळ. बायका एका ओळीत अनवाणी चालत तळ चाचपत होत्या, पायाला खडा लागला की वाकून उचलायच्या. म्याडमही त्या ओळीत होती, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून. तिला खडा सापडत नव्हता आणि सापडला की टोचत होता. बायका हसत होत्या, "म्याडम, पूल सोपा व्हता न्हवं?" "सोपा होता," ती म्हणाली. मग तिच्या माणसांनी आणि वाडीनं मिळून आधी पिवळी माती घातली आणि वर काळी. जाऊ मध्ये उभी राहून हातानं पसरत होती. ताडपत्रीखाली मातीला ओल टिकून राहिली होती.

पाऊस लागला. पहिल्यांदा खाचरात पाणी तुंबवलं तेव्हा सकाळी ते गायब. सगळं खाली जिरलेलं. भाताच्या खाचरात पाणी उभं राहिलं नाही तर ते खाचर नाही. वाडीत कुजबुज झाली, म्हातारीनं खाचर घालवलं. जाऊ वरच्या धनगरवाड्यावर गेली आणि त्यांच्या म्हशी घेऊन आली. त्या म्हशी चिखलात गोल गोल फिरवल्या, तळ तुडवून तुडवून बंद होईपर्यंत. स्वतः काठी घेऊन त्यांच्या मागं, पोटऱ्यांपर्यंत चिखलात. पुन्हा पाणी घातलं. या वेळी ते थोडं उतरलं आणि थांबलं. मग तिनं लावणी केली.

भात कसं आलं ते खरं सांगते. सगळं चांगलं आलं असं म्हणायला बरं वाटलं असतं. ओढ्याकडच्या कोपऱ्यात रोप पिवळं पडलं आणि शेवटपर्यंत खुजं राहिलं. बाकीचं उभं राहिलं. दरवर्षीपेक्षा कमी झालं. मळणी झाल्यावर वाडीतले येऊन कणगीकडं नजर टाकून जात होते.

दिवाळीनंतर तिचा मुलगा आला. पुलावरून टेम्पो थेट तिच्या दारात, आणि टेम्पो रिकामा. त्याला कोणीतरी फोनवर खाचराचं सांगितलं होतं. तो थेट घरात गेला, कणगीचं झाकण काढलं आणि हात आत घातला, कोपरापर्यंत. मी दारातच होते. जाऊ चुलीपुढून म्हणाली, "पार खालपातुर बघ. वर वर चाचपून कळत न्हाई."

त्यानं हात काढला, दाणे तळव्यावर घेतले, फुंकर घातली. "कमी हाय की आई."

"तुझ्या पोरांना पोतंभर देत हुते, ते यंदा द्यायची न्हाई. माझ्यापुरतं हाय. खायापुरतं म्हणला हुतास, वाटायापुरतं न्हाई."

तो हसला. हसला म्हणजे हरला. जेवायला बसला, नवा भात दोनदा मागून घेतला. हात धुताना म्हणाला, "मग टेम्पो रिकामाच न्यू काय?"

"रिकामा कशाला? तुझ्या थोरल्या आईला भोरला दवाखान्यात न्हे. गुडघा गुडघा करतीया, पर जात न्हाई."

मला कोणी विचारलं नव्हतं. पण वळसा आता उरला नव्हता आणि गुडघा खरंच दुखत होता. मी टेम्पोत पुढं बसले. पुलावर आल्यावर त्यानं गाडी हळू केली आणि खाली खाचराकडं पाहिलं. कापलेल्या भाताचे बुडखे, आणि त्यात पावटा टोकत वाकलेली त्याची आई. ती आमच्या आधीच तिथं पोचली होती.

"थोरले आई, ही यंदा बी आली न्हाई," तो म्हणाला.

"गाडी चालव," मी म्हटलं. "दवाखाना बंद व्हईल."